महमूद गावानचे पाठीराखे (१४८१–१४९०)

बहमनी सल्तनतीचा वजीर महमूद गावान याचा ५ एप्रिल १४८१ रोजी शिरच्छेद झाला. त्यानंतर त्याची बाजू न सोडणाऱ्या सरदारांचा आणि आश्रितांचा हा गट. दरबारातील दख्खनी आणि आफाकी (इराण-तुर्कस्तानकडून आलेले) या दोन तटांच्या भांडणात वजिराचा बळी गेला, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. ते खरे आहे. मात्र वजीर पडल्यावर त्याच्यामागे कोण उभे राहिले हे पाहिले, तर तटांचा हा हिशेब जुळत नाही.

गावान मूळचा इराणातील गीलानचा. व्यापारासाठी तो दख्खनेत आला आणि बीदरच्या दरबारात चढत गेला. तिसऱ्या मुहम्मदशाहाच्या काळात, १४६६ पासून, राज्याचा कारभार त्याच्याच हाती होता. कोकणची मोहीम, १४७२ मधील गोव्याचा विजय आणि बीदरचा मदरसा या त्याच्या नावावरच्या ठळक गोष्टी. शत्रू मात्र त्याने कारभारातील सुधारणांनी केले. चार मोठ्या तरफांच्या (प्रांतांच्या) त्याने आठ केल्या आणि प्रत्येक तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवून बाकीच्या किल्ल्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. पदरी जितके स्वार दाखवायचे त्यात तूट निघाली, तर तेवढी रक्कम कापली जाऊ लागली. सरदारांना हे कसे रुचावे?

सर्वांत जास्त दुखावला मलिक हसन निजाम-उल-मुल्क बहरी. इतिहासकार फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे याचे मूळ घराणे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या ब्राह्मण कुलकर्ण्यांचे. हे लोक विजयनगरच्या मुलखात गेले होते. तेथील स्वारीत पकडला गेलेला मुलगा बीदरला आला, मुसलमान झाला आणि सुलतानाच्या मर्जीने तेलंगणाचा तरफदार बनला. तेलंगणाची विभागणी होऊन त्याच्याकडे राजमहेंद्री राहिली आणि वरंगळ दुसऱ्याकडे गेले. त्याचा मुलगा मलिक अहमद याला गावानने माहूरच्या खुदावंदखान हबशीच्या हाताखाली ठेवले, ही आणखी एक ठेच.

त्याच्या गटाने रचलेला कट सरळ होता. वजिराचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला गेला. त्यावर ओरिसाच्या राजाला स्वारीचे आमंत्रण देणारे पत्र लिहिले गेले आणि ते सुलतानापुढे ठेवले गेले. छावणी तेव्हा आंध्रात कोंडापल्लीला होती; तेथे वजिराला सुलतानाचे बोलावणे आले. जाऊ नका, घोडेस्वार तयार आहेत, गुजरातकडे निघा, असे मित्रांनी विनवले, तरी गावान गेला. शिक्का आपला, अक्षर आपले नव्हे, एवढेच त्याने सांगितले. सत्तरी ओलांडलेल्या वजिराची मान जौहर नावाच्या गुलामाने उडवली.

इथपर्यंतची कथा पाठ्यपुस्तकात असते. नोंदीचा खरा विषय त्यापुढे सुरू होतो. सुलतानाने मृताचा खजिनदार निजामुद्दीन हसन गीलानी याला बोलावून संपत्तीचा ठावठिकाणा विचारला. खजिनदाराने दोन थैल्यांचा हिशेब दिला. एक राजाच्या नावाची, तिच्यातून फौजेचा आणि जनावरांचा खर्च चाले. दुसरी गरिबांची, तिच्यात तीनशे लारी (नाणी) उरल्या होत्या. तेवढ्यावर न थांबता त्याने उलट विचारले, की ते पत्र ओरिसाला नेणारा जासूद कुठे आहे? कटवाल्यांना जासूद हजर करता आला नाही. धन्याचे प्रेत अजून थंड झाले नसताना, तलवार उपसलेली असताना, एका हिशेबनिसाने विचारलेला हा प्रश्न या सगळ्या प्रकरणातील सर्वांत धाडसी कृत्य मानावा लागेल. सुलतान पस्तावला आणि त्याने प्रेत मानाने बीदरला पाठवले. आश्रितांपैकी अब्दुल करीम हमदानी याने मृत्युवर्ष सूचित करणारी काव्यरचना केली आणि तिच्यात धन्याला उघडपणे निरपराध म्हटले.

तलवारबहाद्दर सरदारांनी निराळा मार्ग धरला. गाविलचा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान यांनी सुलतानाच्या छावणीपासून दूर आपले तंबू ठोकले. अशा माणसाची ही गत, तर आपली काय, असा त्यांचा सवाल होता. मोहिमेवर गेलेला युसुफ आदिलखान परतल्यावर तोही त्यांना येऊन मिळाला. गावानचे विखुरलेले लोक आधीच त्याच्याकडे वळले होते. यानंतर हे सरदार सुलतानाबरोबर कूच करत, पण मुक्काम वेगळा ठेवत आणि मुजरा लांबूनच करत.

तिघांपैकी आफाकी म्हणावा असा युसुफ एकटाच. फतहुल्ला विजयनगरच्या मुलखातून आलेला, जन्माने हिंदू, म्हणजे मलिक हसनच्याच जातकुळीचा दख्खनी. खुदावंदखान हबशी, आणि कटात सामील असलेला मिफ्ताहही हबशीच. तेव्हा रक्त आणि भाषा यांवरून निष्ठा ठरली नाही, ती कुणी कुणाला पुढे आणले यावरून ठरली. तिच्यात स्वतःच्या मानेची काळजीही होती आणि फायदाही. गावानची विजापूरची तरफ युसुफने मागून घेतली, हे विसरता येत नाही.

निष्ठा आणि फायदा यांची अशी जोडी इतरत्रही दिसते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५२९ मध्ये कार्डिनल वुल्सीला दूर केले, तेव्हा त्याचा नोकर थॉमस क्रॉमवेल धन्यासाठी पार्लमेंटात बोलला आणि पुढे स्वतः राजाचा मंत्री झाला. तिथेही निष्ठा आणि बढती यांच्यात फारसे अंतर नव्हते. फरक एवढाच, की क्रॉमवेलला १५४० मध्ये त्याच राजाने वधस्तंभावर पाठवले. गावानच्या पाठीराख्यांपैकी दोघांना राज्ये मिळाली.

मुहम्मदशाह वर्षभरात, मार्च १४८२ मध्ये मेला. मलिक हसन ‘मलिक नायब’ म्हणून बाल सुलतानाचा कारभारी झाला. १४८६ मध्ये बीदरच्या किल्लेदाराने त्यालाही ठार केले. १४९० पर्यंत विजापूर, वऱ्हाड आणि मलिक अहमदची निजामशाही स्वतंत्र झाली. गावानने आवळलेल्या तरफा त्याच्याच मित्रांनी आणि मारेकऱ्याच्या मुलाने मिळून सोडवल्या.

साधनांविषयी सावध राहावे. फिरिश्त्याने इतिहास लिहिला तो विजापूरच्या आदिलशाहाच्या पदरी राहून, त्यामुळे युसुफची निष्ठा त्याच्याकडे जरा जास्तच उजळते. अहमदनगरच्या दरबारात ‘बुऱ्हान-इ-मआसिर’ लिहिणारा सय्यद अली तबातबा तर मलिक अहमदला बहमनी सुलतानाचाच मुलगा ठरवतो. म्हणजे पाथरीचे कुलकर्णी बाजूला आणि कटाचा डागही बाजूला.

पाथरी मात्र घराणे विसरले नव्हते. मलिक हसनचा नातू बुऱ्हाण निजामशाह याने वडिलोपार्जित गाव म्हणून बदल्यात दुसरा मुलूख देऊन पाथरी मागितली. फतहुल्लाच्या मुलाने, वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशाहाने, नकार दिला. १५१८ मध्ये बुऱ्हाणने ती जिंकली. १५२७ मध्ये इमादशाहाने परत घेतल्यावर बुऱ्हाणने वेढा घालून तेथील किल्ला पाडला. फिरिश्ता सांगतो, की गाव ब्राह्मण भाऊबंदांना इनाम मिळाले आणि ते अकबराच्या काळापर्यंत त्यांच्याकडे चालले.