खाडीकाठची सायकलवाट : वाशी ते बेलापूर

नवी मुंबईला समुद्र नाही, खाडी आहे. शहराच्या पश्चिमेची बाजू ठाणे खाडीने आखून दिली आहे आणि वाशीपासून बेलापूरपर्यंतच्या पट्ट्यात या खाडीला समांतर असा सुमारे दहा किलोमीटरचा पामबीच मार्ग धावतो. मोटारीतून हे अंतर दहा-पंधरा मिनिटांत संपते आणि पदरात काहीच पडत नाही. पायी जावे तर अर्धा दिवस जातो. सायकल हे या वाटेचे खरे वाहन होय. मात्र येथे निघताना घड्याळापेक्षा भरती-ओहोटीकडे पाहावे लागते. हे अनेक हौशी सायकलस्वारांच्या गावीही नसते.

सुरुवात वाशीच्या सागर विहारपासून करावी. रेल्वेच्या आणि रस्त्याच्या पुलांच्या परिसरात खाडीचे उघडे पाणी दिसणाऱ्या थोड्या जागांपैकी ही एक. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये खुला झाला आणि त्यानंतरच खाडीपलीकडे नवे शहर उभे राहू शकते यावर मुंबईकरांचा विश्वास बसू लागला. येथून वाशीतील अंतर्गत रस्त्यांनी सानपाड्याच्या मोराज चौकात यावे आणि पामबीच मार्गाला लागावे. पुढे सारसोळे, नेरूळ, करावे, सीवूड्स आणि शेवटी बेलापूरचा किल्ला चौक, असा क्रम लागतो. सारसोळे, करावे, दिवाळे ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे होत. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली, ही गावे त्याच्या कितीतरी आधीची.

पामबीच मार्गावरून खाडी फारशी दिसत नाही, दिसतात ती तिवरे. नवख्याची येथे थोडी निराशा होते. पण सायकल थांबवून चिखलाकडे नीट पाहिले तर जमिनीतून उलट्या उभ्या राहिलेल्या पेन्सिलींसारखी तिवराची श्वासमुळे दिसतात. त्यांच्यामधून निवट्या उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळात शिरतात. याच झाडीत कोल्ह्यांचा वावर आहे आणि रात्री उशिरा रस्त्याच्या कडेला ते दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येत असतात. मुंबई उच्च न्यायालयाने तिवरतोडीला २००५ मध्ये अंतरिम आदेशाने आणि २०१८ मध्ये अंतिम निकालाने मनाई केली. रस्त्याच्या पश्चिमेची हिरवी भिंत आजही उभी आहे, त्यामागे हे न्यायालयीन आदेशही आहेत.

तिथी पाहून निघावे

भरतीची वेळ काढण्याचा किनाऱ्यावरील जुना हिशेब सोपा आहे. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे. येणारी संख्या म्हणजे भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, तर पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण होते आणि दुसऱ्या दिवशी सारे चक्र पाऊण तासाहून थोडे अधिक पुढे सरकते. खाडीत आत जावे तसा पाण्याला पोहोचायला आणखी थोडा उशीर लागतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते आणि पाणी साडेचार मीटरच्याही वर चढू शकते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असल्याने भरती बेताचीच असते.

या हिशेबाचा संबंध थेट रोहित पक्ष्यांशी, म्हणजेच फ्लेमिंगोंशी आहे. ओहोटीला खाडीतील चिखलाचे पट्टे उघडे पडले की हे पक्षी तेथे चोच उलटी बुडवून शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. भरतीने चिखल झाकला की थवेच्या थवे उठून सीवूड्स परिसरातील पाणथळ जागांवर, विशेषतः टी. एस. चाणक्य संस्थेजवळील, एनआरआय संकुलामागील आणि डीपीएस शाळेजवळच्या तलावावर, येऊन बसतात. म्हणून तलावावर पक्षी पाहायचे असतील तर दशमी ते द्वादशीची सकाळ सोयीची. द्वितीया-तृतीयेच्या सकाळी ओहोटी असते, तेव्हा तलाव रिकामा आढळला तर पक्षी गेले असे समजू नये, ते खाडीत जेवायला गेलेले असतात. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेअखेरपर्यंतचा. खाडी पश्चिमेला असल्याने सकाळचे ऊन पाहणाऱ्याच्या पाठीशी राहते आणि गुलाबी रंग खुलून दिसतो. मोठा रोहित उंच आणि फिकट, चोच गुलाबी व टोकाला काळी. लहान रोहिताची चोच गडद, अंगाचा रंगही अधिक दाट. खाडीत संख्या लहान रोहितांचीच अधिक असते.

ठाणे खाडीतील १,६९० हेक्टर क्षेत्राला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. पण पक्षी भरतीच्या वेळी जेथे विसावतात त्या सीवूड्सच्या पाणथळ जागा या अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत. सारा वाद येथेच आहे. एनआरआय संकुलामागील पाणथळ जागेवरील गोल्फ कोर्सच्या प्रस्तावाला उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नकार दिला, सिडको त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. डीपीएस तलावात येणारे भरतीचे पाणी अडल्याने २०२४ च्या उन्हाळ्यात तो आटत गेला आणि त्याच सुमारास परिसरात अनेक रोहित मरण पावले. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरवर एका प्रवासी विमानाच्या धडकेत सुमारे चाळीस रोहित एका झटक्यात मेले. पुढे २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मंजुरी दिली. तलावाच्या कडेला सायकल लावून उभ्या राहणाऱ्याने पक्ष्यांइतकेच पाणी आत येते की नाही हेही पाहावे. पाणी बंद झाले की तलाव कोरडा पडतो आणि कोरडा तलाव ही शहरात फार लवकर ‘मोकळी जागा’ ठरते.

भरतीशी या शहराचा दुसराही एक करार आहे. नवी मुंबईचा मोठा भाग उधाणाच्या पातळीपेक्षा सखल असल्यामुळे सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव खोदले. भरतीच्या दाबाने त्यांच्या मुखावरील झडपा मिटतात, तेवढा वेळ पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जाते. पंप नाही, वीज नाही. नेरूळचे ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ उद्यान अशाच एका धारण तलावाभोवती आहे. येथे सायकल बाजूला लावून पायी फेरी मारावी. फिरायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे केवळ शोभेचे तळे वाटते. अनेक धारण तलावांत मात्र गाळ साचला आणि गाळावर तिवरे उगवली. आता गाळ काढायचा तर तिवरे आडवी येतात आणि न काढावा तर पावसाळ्यात सखल वस्त्यांत पाणी शिरते.

रस्ता कसा आहे?

रस्ता गुळगुळीत व सपाट आहे आणि धोका त्यातच आहे. रिकाम्या पहाटे मोटारी येथे बेफाम सुटतात. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा २८ फेब्रुवारी २०२४ च्या पहाटे याच मार्गावर सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. ते एकटे नव्हते, सोबत सायकलस्वार मित्र होते. खाडीकाठी सलग, मोटारींपासून कठड्याने वेगळी केलेली मार्गिका असती तर या वाटेची ओळख वेगळी झाली असती. ती नसेपर्यंत पूर्ण उजाडल्यावरच निघावे, मागेपुढे दिवे लावावेत, रस्त्याला समांतर अंतर्गत रस्ते मिळतील तेथे तेच धरावेत आणि चौकात सिग्नल सुटल्यावरही क्षणभर थांबावे. पाच वाजताच्या अंधारात निघण्याची फुशारकी या रस्त्यावर परवडत नाही.

किल्ला चौकात मार्ग संपतो. महापालिकेच्या मुख्यालयासमोरून थोडे पुढे गेले की बेलापूर किल्ल्याचे अवशेष आहेत. सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि १८१७ पासून इंग्रज, असे त्याचे धनी बदलत गेले. पोर्तुगीजांकडून तो घेतला चिमाजी आप्पांनी. आज उरले आहेत ते बुरुजांचे तुकडे. जवळच्या दिवाळे कोळीवाड्यात सकाळी होड्या लागतात, तेथे जाताना कोळणींच्या पाट्यांना वाट द्यावी. परतीचा बेत दहाच्या आत ठेवावा. ऊन चढले की खाडीवरून वारा सुटतो आणि वाशीकडे जाताना तो बराचसा समोरून येतो. घरी गेल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसून तिला तेल द्यावे, कारण येथील खारट हवेत न पुसलेली साखळी पाहता पाहता गंजते.