दोन कॅसेटी आणि तेरा वर्षांची शांतता

महाळुंगे-बालेवाडीच्या स्टेडियमला वळसा घालून एक्सप्रेसवेला लागलात की साधारण तासाभरात मळवली येतं. ट्रेकवाल्यांना हे गाव भाजे लेणी, लोहगड, विसापूर यांच्यामुळे माहीत असतं. लोकलचं छोटंसं स्टेशन, समोर भाताची खाचरं. १९७१ साली याच मळवलीत ‘स्नेह यात्रा’ नावाचा रॉक महोत्सव झाला होता. अमेरिकेतलं वुडस्टॉक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, त्यामुळे पुढे त्याला ‘भारताचं वुडस्टॉक’ म्हटलं गेलं. आता एक करून बघा. त्या काळातल्या मुंबई-पुण्याकडच्या रॉक बँडपैकी तीन नावं पटकन आठवा.

नाही ना आठवत? यात तुमचा दोष नाही. बँड होते, आणि बरेच होते. कॉलेजांचे हॉल, हॉटेलं, जिमखाने इथे ते रोज वाजवत होते, पण जवळजवळ सगळे दुसऱ्यांची गाणी वाजवत. बीटल्स हवेत, स्टोन्स हवेत, सीसीआर हवेत. ऐकणाऱ्यांना मूळ रेकॉर्डसारखंच हुबेहूब हवं असे. स्वतःचं गाणं सुरू झालं की लोक खुर्चीवरून उठून सरबत आणायला जायचे. (हे दुखणं आजही पूर्ण गेलेलं नाही.) आणि रेकॉर्डिंग? देशात रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या, त्यांचा धंदा सिनेमावर चालणारा. इंग्रजीत गाणाऱ्या चार पोरांवर स्टुडिओचे तास कोण घालवणार?

घालवले ते सिगारेटवाल्यांनी. ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी सिमला बीट नावाची बँडस्पर्धा होत असे. निवडक बँडना स्टुडिओत नेऊन ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ असे दोन एलपी काढले गेले. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचे ग्रेट बेअर यांचा आवाज आज ऐकता येतो तो या तबकड्यांमुळे. पण प्रत्येकाच्या वाट्याला एखाददोन गाणी, त्यातही काही परक्यांचीच. पुढे युरोपात या रेकॉर्ड पुन्हा छापल्या गेल्या, संग्राहकांनी त्यांच्यासाठी चांगले पैसे मोजले. बँड मात्र तोवर नोकरीधंद्याला लागून पांगले होते.

मुंबईच्या ‘अॅटॉमिक फॉरेस्ट’ला एक अख्खा एलपी लाभला, ‘ऑब्सेशन ७७’. तो बाजारात आला तेव्हा बँड संपल्यात जमा होता. २०११ मध्ये अमेरिकेतल्या नाउ-अगेन रेकॉर्ड्सने तो नव्याने काढला. म्हणजे मुंबईतला बँड जगाला कळला तो कॅलिफोर्नियातून, आणि तोही तीसेक वर्षांनी.

या पिढीतला मराठी घरांना ठाऊक असलेला एकच आवाज, नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. वेल्व्हेट फॉग या बँडमधून गायला, अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास झाला, आणि १९७८ मध्ये पु. लं.च्या ‘तीन पैशाचा तमाशा’मधून मराठी रंगभूमीवर रॉकचा गळा घेऊन आला. आपल्याकडे त्यांची आठवण निघते ती नाटकामुळे. बँडमुळे निघत नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे: नाटकातली गाणी आपली होती, बँडची बहुतेक उसनी.

आता १९८४ मध्ये या. मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहतो. गिटारवर महेश तिनईकर, बासवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर मार्क मेनेझिस. उदय बेनेगल आधी गिटार वाजवायचा, पुढे मुख्य गायक झाला. कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी ही नावं नंतर जोडली गेली. सुरुवात यांचीही कव्हरनेच झाली. धोबी तलावजवळचं रंगभवन, उघड्यावरचं थिएटर, समोर घामाघूम कॉलेजची पोरं. त्यांना हवं ते वाजवून हा बँड नावारूपाला आला.

फरक पडला तो १९८८ मध्ये. ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ हा अल्बम सीबीएसने काढला आणि त्यात गाणी स्वतःची होती. १९९० मध्ये दुसरा आला, ‘द सेकंड कमिंग’. मधल्या काळात कॅसेट आली होती हे विसरू नका. एलपीला घरात रेकॉर्ड प्लेअर लागायचा, कॅसेटला वॉकमन किंवा होस्टेलमधला टेप पुरायचा. शिवाय एका कॅसेटवरून दहा कॉप्या व्हायच्या. कंपनीचं नुकसान झालं असेल, बँडचं गाणं मात्र ज्या गावात बँड कधी गेला नव्हता तिथेही पोचलं.

आज हे अल्बम ऐकले तर पहिल्यावर ऐंशीच्या दशकाची पावडर दिसते: चकचकीत कीबोर्ड, उंच पट्टीतले कोरस, अमेरिकन हार्ड रॉकची सरळ नक्कल वाटाव्या अशा जागा. थोडं हसू येतं. पण ‘प्रिटी चाइल्ड’सारखं गाणं लागलं की हसू थांबतं. तिथे कुणासारखं तरी वाजवायची धडपड संपलेली असते.

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. रॉक मशीन हे नाव जगातल्या कुठल्याही शहरातल्या बँडचं असू शकलं असतं, नवं नाव तसं नव्हतं. सॅटेलाइट टीव्हीमुळे त्यांचे व्हिडिओ आशियाभर दिसू लागले. १९९५ मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. आणि ज्या टीव्हीने उचललं त्यानेच सोडलं. संगीत वाहिन्या हिंदी सिनेमा आणि इंडीपॉपकडे वळल्या, इंग्रजी रॉकला जागा उरली नाही. १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे ‘आम्स फॉर शांती’ हा नवा बँड काढला.

मग तेरा वर्षं काही नाही. दरम्यान २००३ मध्ये शांतता क्षेत्राच्या नियमामुळे रंगभवनातले कार्यक्रमही बंद पडले. ज्या मंचावर हा बँड घडला तो मंचच गेला.

२०१० मध्ये इंडस क्रीड परत आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे तिघे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नव्या पिढीतले. सेल्विन नाही, गांधी नाही. मग हा तोच बँड का? मला वाटतं, हो. सत्तरच्या दशकातला एखादा बँड तीन जुन्या माणसांनी पुन्हा जमवला असता तर त्यांनी वाजवलं काय असतं? पुन्हा सीसीआर. तसं वाजवणारे गावोगाव आहेत. यांच्याकडे मात्र परत यायला स्वतःची गाणी होती, आणि ती पाठ असलेले, आता केस विरळ झालेले लोकही.

तरी नुसतं जुनं वाजवून पैसे घ्यायचा सोपा रस्ता त्यांनी धरला नाही. २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. मिक्सिंग टिम पामर यांचं. गाणी लांब, जड, मध्येच वळणं घेणारी, पहिल्या कॅसेटशी नातं शोधावं लागेल अशी. जुन्या चाहत्यांसाठी हे थोडं अवघडच होतं. पण काळही बदलला होता. २०१० मध्येच पुण्यात एनएच-सेव्हन वीकेंडर सुरू झाला, आणि तिथे तिकीट काढून येणारी पोरं बँडची स्वतःची गाणी ऐकायला येत होती. मळवलीपासून हा रस्ता फार लांबचा नाही, पण तो कापायला एकोणचाळीस वर्षं लागली.

ऐकायचं असेल तर ‘इव्हॉल्व्ह’पासून सुरुवात करू नका. आधी ‘प्रिटी चाइल्ड’ लावा, हेडफोन घालून.