ग्रीन टी : जपानी चांगला की चिनी?

"डॉक्टर, ग्रीन टी जपानी घेऊ की चिनी?" कन्नडच्या दवाखान्यात एका ताईंनी विचारले. त्यांचे हिमोग्लोबिन ९ होते. रक्तवाढीची गोळी त्या जेवणानंतर ग्रीन टीसोबतच घेत होत्या. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

आधी एक गैरसमज दूर करू. गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे, ते वेगळे गवत आहे. ग्रीन टी हे आपल्या रोजच्या चहाच्याच झाडाचे पान. काळ्या चहासाठी पान चुरगळून काळे पडू देतात. ग्रीन टीसाठी ते खुडल्यावर लवकर गरम करतात, म्हणून ते हिरवे राहते.

चीनमधून जपानला

आठव्या शतकात चीनच्या लू यू यांनी चहावर 'चा जिंग' हा ग्रंथ लिहिला. त्या काळी पाने वाफवून, कुटून त्यांच्या वड्या करत. पुढे सोंग राजवटीत चहाची पूड गरम पाण्यात घुसळून पिण्याची पद्धत आली.

आपल्या तालुक्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एकेकाळी बौद्ध भिक्खू राहत. त्याच धर्माचे एइसाई हे जपानी भिक्खू ११९१ मध्ये चीनहून परतताना चहाचे बी घेऊन गेले. १२११ मध्ये त्यांनी चहा आणि आरोग्यावर 'किस्सा योजोकी' हे पुस्तक लिहिले. कडू चव हृदयाला बळ देते, असे त्यांचे मत होते.

इकडे चीनमध्ये १३९१ मध्ये मिंग सम्राटांनी दरबारासाठी चहाच्या वड्या बंद करून सुटी पाने पाठवण्याचा हुकूम दिला. हळूहळू पाने कढईत भाजण्याची पद्धत रूढ झाली. हांगझोऊचा प्रसिद्ध लोंगजिंग चहा असाच होतो. जपानने मात्र वाफ आणि पूड दोन्ही जपले. ती पूड म्हणजे आजचा माचा. १७३८ मध्ये उजी परिसरातील नागातानी सोएन यांनी वाफवून, मळून, वाळवलेल्या सेंचाची पद्धत बसवली.

म्हणजे आज आपण जिला 'जपानी' म्हणतो ती वाफेची पद्धत मुळात चीनचीच!

मग फायदा कोणाचा जास्त?

१९२९ मध्ये जपानी संशोधक मिचियो त्सुजिमुरा यांनी ग्रीन टीमधून कॅटेचिन वेगळे काढले. चहाचा तुरटपणा मुख्यतः याच गटातील द्रव्यांचा. ती दोन्ही चहांत असतात. त्यांचे प्रमाण देशापेक्षा पानाचे वय, हंगाम, सावली आणि चहा किती वेळ मुरवला यांवर ठरते. माचामध्ये अख्खे पानच पोटात जाते, त्यामुळे कॅफिनही जास्त मिळते.

जपानमध्ये ४०,५३० प्रौढांच्या अभ्यासात (२००६) रोज पाच किंवा जास्त कप ग्रीन टी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुरुषांत १२ टक्के आणि स्त्रियांत २३ टक्के कमी आढळले. कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. चीनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या अभ्यासात (२०२०) नियमित चहा पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचा धोका सुमारे २० टक्के कमी दिसला. ग्रीन टीमध्ये हा संबंध अधिक स्पष्ट होता. पण ही निरीक्षणे आहेत. चहा पिणाऱ्यांच्या इतर सवयीही चांगल्या असू शकतात. बीपी-शुगरच्या गोळ्यांना ग्रीन टी हा पर्याय नाही.

लक्षात ठेवा

- चहातील द्रव्ये लोह शोषू देत नाहीत. जेवण किंवा लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक-दोन तासांचे अंतर ठेवा.
- साखर आणि दूध न घालता, कोमट होऊ देऊन प्या.
- वजन कमी करण्यासाठी ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका. क्वचित यकृताला इजा होते.
- रक्त पातळ करणारे वॉरफेरिन चालू असेल किंवा गर्भवती असाल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ताईंना मी चहा बंद करायला सांगितले नाही. जपानी-चिनी जो आवडेल तो घ्या, फक्त त्याची वेळ बदला, एवढेच सांगितले.