पाऊस, भरती आणि सांडपाणी

पेण आणि अलिबाग या तालुक्यांतील खारेपाटांत शेतकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनीं मातीचे बांध घालून खाडीकडून जमीन मिळविली. या बांधांत ठिकठिकाणीं दार बसविलेलें असे. त्यास ‘उघाडी’ म्हणत. भरती आली कीं खाडीच्या पाण्याच्या दाबानें तें मिटे, आणि ओहोटी लागली कीं शेतांत सांचलेलें पावसाचें पाणी त्यांतून बाहेर पडे. १८८३ सालच्या कुलाबा गॅझेटिअरांत अशा ‘शिलोत्री’ जमिनींची हकीकत आलेली असून, मुंबई सरकारनें १९४८ सालीं खारजमिनींसाठीं स्वतंत्र कायदाहि केला. उघाडी सांभाळणाऱ्यास दोन गोष्टींवर एकाच वेळीं लक्ष ठेवावें लागे : आकाशांतून किती पडतें, आणि खाडीला वेळ कोणती आहे. एकीकडे पाहून दुसरी विसरली, तर पीक गेलेंच म्हणून समजावें. आज रायगड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या नद्यांत सांडपाणी मिसळूं लागल्यावर हीच शहाणीव अधिक अगत्याची झाली; पण नेमकी त्याच वेळीं ती मागें पडली.

या जिल्ह्यांतील नद्या आंखूड आहेत. सह्याद्रीवरून निघून त्या थोडक्या अंतरांत समुद्राला मिळतात; पावसाळ्यांत दुथडी भरतात आणि उन्हाळ्यांत ओढ्यासारख्या होतात. यास दोन ठळक अपवाद माणसानें निर्माण केले. टाटांचें खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं सुरू झालें आणि लोणावळ्याच्या तलावांचें पाणी पाताळगंगेंत उतरलें. पुढें १९२७ सालीं भिरा येथील वीजघर सुरू होऊन मुळशीचें पाणी कुंडलिकेंत आलें. ज्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांनीं सत्याग्रह लढविला, त्याच धरणाचें हें पाणी. बारमाही प्रवाह लाभलेल्या या नद्यांकांठीं पुढें रसायनी आणि रोहें-धाटाव येथें कारखाने वसले. नदी कारखान्याला पाणी देते, तशीच त्याचें सांडपाणी पोटांत घेते, हा हिशेब त्या वेळीं कोणाला फारसा खटकला नाहीं.

हा हिशेब मांडण्याची रीत इंग्लंडांत ठरली होती. तेथील सांडपाण्याविषयींच्या शाही आयोगानें १९१२ सालीं आपल्या आठव्या अहवालांत एक प्रमाण सांगितलें. पाण्यांतील घाण कुजतांना जेवढा प्राणवायु खर्च होतो, त्यावरून तिचें माप घ्यावें. आणि हें माप दर लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षां अधिक नसावें. मात्र या प्रमाणाला एक अट होती : नदीचें स्वच्छ पाणी सांडपाण्याच्या किमान आठपट असलें पाहिजे. म्हणजे नदींत पाणी किती आहे, हा प्रश्न मापाच्या जन्मापासूनच त्याला चिकटलेला होता. माप सर्वत्र पसरलें. अट मात्र पुष्कळ ठिकाणीं विसरली गेली.

महाराष्ट्रानें १९६९ सालीं जलप्रदूषणाविरुद्ध कायदा केला व १९७० सालीं मंडळ स्थापिलें. नद्यांच्या पाण्याचे नमुने ठराविक काळानें, बहुधा महिन्यांतून एकदां, घेतले जाऊं लागले. हें काम मोलाचेंच. परंतु पाऊस या बाटलीला दोन प्रकारें फसवितो. समजा, मुसळधार पावसांत प्रवाह दसपट झाला आणि घाणीचें प्रमाण निम्म्यावर आलें. बाटली सांगेल कीं नदी सुधारली. प्रत्यक्षांत मात्र त्या तासाला खाडीकडे पांचपट घाण वाहून गेली. दुसरी फसवणूक पहिल्या पावसाची. आठ महिने रस्त्यांवर, नाल्यांत आणि कारखान्यांच्या आवारांत सांचलेलें सारें तो कांहीं घटकांत धुवून नेतो. दुसऱ्या दिवशीं नमुना घेणाऱ्याच्या हातीं त्याचा मागमूसहि लागत नाहीं.

आणि याच मुहूर्तावर मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात. आगरी-कोळी घरांत ज्यांची वाट पाहिली जाते, ते हे ‘वलगणीचे’ मासे. अंडीं घालण्यास ते उथळ पाण्याकडे निघतात, तेव्हांच वरून वर्षभराची घाण खालीं येत असते. ही टक्कर महिन्याच्या नोंदवहींत सांपडत नाहीं. ती जाळ्यांत मात्र दिसते.

पावसाची नोंदहि एकट्यानें पुरेशी नाहीं. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच मुंबईंत कुलाब्यास ७३ मिलिमीटर. एका पर्जन्यमापकावरून शेजारच्या नाल्याचें अनुमान बांधणें किती धोक्याचें, हें त्या दिवशीं उघड झालें. शिवाय दिवसाचा पाऊस सकाळीं साडेआठला वाचला जातो. भरती आणि गटार त्या वेळेसाठीं थांबत नाहींत.

१९७० सालीं स्थापन झालेल्या सिडकोनें कळंबोलीसारख्या सखल वसाहतींत धारण-तलाव आणि एकाच बाजूस उघडणारीं दारें बांधलीं. तत्त्व उघाडीचेंच. फरक एवढाच, कीं शेतांतून नुसतें पावसाचें पाणी येई आणि शहरांतून त्याबरोबर सांडपाणीहि येतें. जुलै २०२१ मध्यें सावित्री आणि गांधारी यांच्या पुरानें महाड बुडालें, तेव्हां तर पावसाचें पाणी कोणतें आणि गटाराचें कोणतें हा भेदच उरला नाहीं.

२०१४ सालीं केंद्रीय मंडळानें मोठ्या प्रदूषक उद्योगांना सांडपाण्यावर अखंड चालणारीं मापनयंत्रें बसविण्यास सांगितलें. साधनांची आतां उणीव नाहीं. तासातासाचा पाऊस, खाडीची वेळ, नाल्याचा प्रवाह आणि त्यांतील घाण या चार नोंदी एका पानावर आल्या, तर दोष पावसाचा कीं माणसाचा, हें सांगतां येईल. तोंवर प्रत्येक पावसाळ्यांत सांडपाणी सोडणारा पावसाकडे बोट दाखवील, आणि रिकामें जाळें घेऊन परतणाऱ्या कोळ्याजवळ त्याला देण्यासारखें उत्तर असणार नाहीं.