चित्राची रुंदी आणि चित्राची ओळख

ऑर्ग-मोड किंवा पॅनडॉकमधून एचटीएमएल काढणाऱ्यांत एक मत रुजलं आहे: चित्र मोठं दिसलं तर तिथेच ५० टक्के रुंदी लिहावी आणि मोकळं व्हावं, क्लास देणं म्हणजे नसता सोपस्कार. यात एक गोष्ट खरी आहे. चित्रालगत लिहिलेली स्टाइल चित्राबरोबर जाते, क्लास मात्र स्टाइलशीटवाचून निरुपयोगी. ईमेलसाठी एचटीएमएल काढायचं तर मीही थेट स्टाइलच लिहीन.

वेबपानासाठी मात्र हे म्हणणं टिकत नाही. पॅनडॉक ती टक्केवारी चित्राच्या स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये टाकतं आणि तिथे मीडिया क्वेरी लिहिताच येत नाही. मग फोन असो की छापील कागद, चित्र अर्धं ते अर्धंच. बदलायचं तर 'इम्पॉर्टंट'ची सक्ती करावी लागते. (मूळ रुंदी-उंची पिक्सेलच्या आकड्यांत देण्याला माझी हरकत नाही, ब्राउझर त्यावरून जागा राखतो.) पारदर्शक पार्श्वभूमीवर काळ्या रेघांनी काढलेला किल्ल्याचा नकाशा घ्या. पान डार्क मोडमध्ये गेलं की रेघा काळोखात बुडतात. ऑर्गमध्ये चित्राच्या वरच्या ओळीत त्याला 'नकाशा' हा क्लास दिलेला असेल, आणि सीएसएसला देवनागरी नावं खुशाल चालतात, तर एका नियमाने सगळ्या नकाशांमागे पांढरा रंग येतो. छायाचित्रांना धक्काही लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. होकोन विउम ली यांनी १९९४ साली सीएसएसचा प्रस्ताव मांडला, तो मजकूर आणि रूप वेगळं ठेवण्यासाठी. मग मजकुरात क्लास कशाला? 'उजवीकडे-अर्धं' असं नाव दिलंत तर आक्षेप बिनतोड आहे. १९९७च्या एचटीएमएल ४ने मोडीत काढलेलं 'अलाइन' ॲट्रिब्यूटच ते, फक्त नाव बदललेलं. पण अमुक चित्र नकाशा आहे, ही रूपाची बाब नव्हे. ती माहिती आहे, आणि ती लेखकाकडेच असते. स्टाइलशीटने ती 'तिसरं चित्र' अशा क्रमावरून ओळखायची म्हटली, तर मध्ये एक चित्र घालताच नेम चुकतो.

क्लास कुचकामी ठरवायला आणखी एक दाखला देतात: चित्र उजवीकडे सरकतं, कॅप्शन जागेवरच राहतं. हे घडतं खरं. ऑर्ग क्लास लावतं इमेज टॅगला, कॅप्शन असतं त्याच्या बाहेर, 'फिगर'च्या डिव्हमध्ये. म्हणून नियम त्या डिव्हला लावायला हवा. २०२३च्या अखेरीपासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत 'हॅज' सिलेक्टर चालतो, त्यामुळे 'जिच्यात नकाशा आहे ती फिगर' असं थेट सांगता येतं. जुने ब्राउझर सांभाळायचे तर चित्र नि कॅप्शन दोन्ही 'नकाशा' नावाच्या स्पेशल ब्लॉकमध्ये ठेवावीत. ऑर्ग त्याचा त्याच क्लासचा डिव्ह करून देतं.