पाटी आणि कोठी

कर्जत-खालापूरच्या डोंगराळ मुलखांत भाई कोतवाल हें नांव निघालें कीं १९४२ सालचा संग्राम डोळ्यांपुढें उभा राहतो. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणारा ‘आझाद दस्ता’ आणि २ जानेवारी १९४३ रोजीं सिद्धगडच्या रानांत पोलिसांच्या गोळीबारांत भाई व हिराजी पाटील यांस आलेलें वीरमरण, एवढेंच बहुधा स्मरणांत असतें. परंतु त्या रणाआधीं झालेलें कार्यही तितकेंच थोर होतें.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म माथेरानच्या एका नाभिक कुटुंबांत १ डिसेंबर १९१२ रोजीं झाला. ते वकील झाले. वकिलीवर घर भरण्याचा मार्ग मोकळा असतां त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांसाठीं शाळा काढल्या. ज्यास वाचतां येत नाहीं, तो सावकाराच्या कागदावर मुकाट्यानें अंगठा उठवतो. पाटी हा त्यावरील पहिला उपाय.

पण उपाशी मुलाच्या हातीं पाटी टिकत नाहीं. भाताच्या या प्रदेशांत ऐन पावसाळ्यांत गरिबाच्या घरचें धान्य संपे आणि सावकाराचें दार गांठावें लागे. म्हणून भाईंनीं धान्यकोठीची योजना आंखली. अडचणींत कोठींतून न्यावें, सुगी झाल्यावर परत भरावें. देणारा आणि घेणारा दोघेही गांवचेच. त्यामुळें घेणाऱ्याची मान खालीं जात नाहीं.

सिद्धगडावर दर वर्षीं २ जानेवारीस लोक हुतात्म्यांस वंदन करण्यास जमतात. त्या वेळीं पाटीचें आणि कोठीचेंही स्मरण व्हावें. परसत्ता १९४७ सालीं गेली; अज्ञान आणि भूक यांवरील विजय मात्र बंदुकीनें मिळत नसतो.