वकिलाचा आनंद

पेशवाईतल्या वकिलाचे पत्र मी वाचायला घेतो, तेव्हा मायना आणि कुशलवृत्त भराभर ओलांडतो. खरा मजकूर पुढे असतो, कधी वेगळ्या पुरवणीत.

आपल्या औरंगाबादेतली (आजच्या छत्रपती संभाजीनगरातली) निजामाची राजधानी १७६३ च्या सुमारास हैदराबादला गेली. पुढे निजामाकडे पेशव्यांचे वकील होते गोविंदराव काळे. नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांचा समेट झाल्याचे कळताच, १७९३ मध्ये त्यांनी नानांना पत्र लिहिले. एरवी शब्द तोलणारा हा माणूस त्यात मोकळा होतो. इतकेच नव्हे, तर नानांच्याच प्रतिस्पर्ध्याचे, पाटीलबावा महादजींचे, तोंड भरून कौतुक करतो! याला छाती लागते. पण पुण्यात फूट, तर परदरबारी वकिलाच्या शब्दाला वजन कुठले?

त्याच सुमारास, १७९२ मध्ये, अमेरिकेत वॉशिंग्टननेही जेफरसन आणि हॅमिल्टन या भांडणाऱ्या मंत्र्यांना समजुतीची खासगी पत्रे लिहिली होती. भांडण काही मिटले नाही.

इकडे महादजी फेब्रुवारी १७९४ मध्ये वारले. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामासमोर पेशव्यांच्या बाजूने शिंद्यांच्या पलटणी उभ्या होत्या.